सृष्टिसौंदर्य आणि साधकाची दृष्टी



संसाराच्या धकाधकीतून मोकळा झालेला मनुष्य उतारवयात डोंगर, नदी, झाडे, पाखरे यांकडे वळतो, हा आजचा सार्वत्रिक अनुभव आहे. तीस-पस्तीस वर्षे ज्याने सकाळी घड्याळ आणि संध्याकाळी हिशेब याखेरीज काही पाहिले नाही, त्याला नोकरी सुटताच एके दिवशी अंगणातील कडुलिंबाचा मोहर दिसतो, आणि हे झाड इतकी वर्षे येथेच होते काय, असा प्रश्न तो स्वतःस करतो. लोक या अनुभवास मोठा मान देतात. काही तर त्यालाच अध्यात्म म्हणतात. आपल्या पंथाच्या शास्त्रदृष्टीने या अनुभवाचे मोल काय? तो विरक्तीचा आरंभ आहे, की एक विषय सुटून दुसरा विषय जडला इतकाच त्याचा अर्थ आहे? या प्रश्नाचा यथामति विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न माझ्या स्वतःच्या आचरणातून उद्भवला असल्यामुळे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम शास्त्राची भूमिका पाहू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, स्वतंत्र व अनादी आहेत, हा आपल्या तत्त्वज्ञानाचा पाया होय. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त आणि प्रपंच जड व अनित्य आहे. यावरून एक गोष्ट लगेच निष्पन्न होते. जे लोक झाडातच देव पाहतात, नदीलाच देव मानून तिची पूजा करतात किंवा सूर्योदय पाहिला की परमेश्वराचे दर्शन झाले असे समजतात, त्यांची वाट आपली नव्हे. सृष्टी परमेश्वर नाही, परमेश्वराचे शरीर नाही आणि त्याचा अंशही नाही. जीवाला उद्धाराची संधी मिळावी म्हणून परमेश्वरप्रवृत्तीने मायेकडून घडविलेली ती रचना आहे. धर्मशाळा कितीही सुंदर असली तरी ती बांधविणाऱ्या पुरुषाची भेट धर्मशाळा पाहून होत नाही.

इतके स्पष्ट असताना शंका उरतेच कशाला? ती उरते, कारण आपल्याच पंथाच्या वाङ्मयात सृष्टीला मोठे स्थान आहे. ज्या सात काव्यांना आपण ‘साती ग्रंथ’ म्हणतो, त्यांपैकी रवळोबासांच्या ग्रंथाचे नाव ‘सह्याद्रिवर्णन’ आणि नारायणव्यास बहाळिये यांच्या ग्रंथाचे नाव ‘ऋद्धिपुरवर्णन’ आहे. एकाच्या नावात डोंगर आहे, दुसऱ्याच्या नावात गाव. ‘स्थानपोथी’ उघडली तर ती वाट दाखविणाऱ्या जुन्याजाणत्या माणसासारखी बोलते. कोणत्या दिशेला कोणते स्थान, कोणत्या ठिकाणी स्वामींचे आसन झाले, हे ती इतक्या काळजीने सांगते की आजही तिच्या आधाराने स्थानांचा शोध घेतला जातो. प्रपंच अनित्य असल्याचे सांगणाऱ्यांनी त्या प्रपंचातील दगड आणि दिशा इतक्या जपून का लिहून ठेवाव्यात? याचे समाधान शेवटी येईल. त्यापूर्वी माझी हकीकत सांगतो.

मी रस्तेबांधणीच्या कामात पस्तीस वर्षे नोकरी केली आणि 2016 साली सेवानिवृत्त झालो. आमचे घराणे उपदेशी. तथापि नोकरीच्या काळात माझा धर्म म्हणजे वर्षातून एकदा ऋद्धिपूरचे दर्शन आणि घरी येणाऱ्या महात्म्यांना भिक्षा, एवढाच होता. निवृत्तीनंतर मोर्शी तालुक्यात वडिलार्जित शेताच्या कडेला दोन खोल्या बांधून राहू लागलो. भोवती संत्र्याच्या बागा, उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ. पहिल्या वर्षी मला जणू नवे डोळे फुटले. फाल्गुनात पानांवाचून पेटलेला पळस, चैत्रात पहाटे टपटप गळणारी मोहाची फुले, रोहिणीच्या सुमारास दिवसभर ओरडणारा पावशा, उंबर पिकला की त्यावर उतरणारे हिरव्या-पिवळ्या हरियलांचे थवे, हे सारे मी साठाव्या वर्षी प्रथमच पाहिले. शेताच्या बांधावर एक जुना उंबर होता. त्याच्या बुंध्याशी मी बसू लागलो. तेथे मन शांत होई. मी स्वतःस सांगितले की, आता आपणास विजनाची गोडी लागली.

जवळच्या आश्रमात एक वृद्ध बाबा राहतात. एके दिवशी त्यांच्याजवळ बसून मी मोठ्या उत्साहाने उंबरावरील पाखरांचे वर्णन केले. किती जातींची पाखरे येतात, कोण कोणत्या वेळी येते, तांबटाने वाळल्या फांदीत ढोली कशी कोरली, हे सर्व सांगितले. बाबांनी मधे न बोलता ऐकून घेतले व विचारले, “आणि आज नाम किती झाले?”

मी गप्प राहिलो. त्या दिवशी घरटी मोजून झाली होती; गाठी हातात घेतल्या नव्हत्या. बाबा हसून म्हणाले, “पाखरे पाहू नका असे मी म्हणत नाही. पण विजन कशाला म्हणतात ते एकदा पाहा.”

तेव्हा मी पाहिले. अटन, विजन, भिक्षा व भोजन हा महात्म्यांचा नित्यविधी आहे. त्यात विजन म्हणजे निर्जन ठिकाणी बसून स्मरण करणे. निर्जन ठिकाण हे साधन आणि स्मरण हे कार्य होय. मी साधनच हातात धरून बसलो होतो. सर्वज्ञांनी अनुसरलेल्यांना ओळखीच्या मुलखापासून दूर, झाडाखाली राहून आयुष्य घालविण्याची आज्ञा केली, हे आपण सर्व जाणतो. परंतु झाड सुंदर असते म्हणून ती आज्ञा नाही. झाडाखाली दार नसते, कुलूप नसते, ‘हे माझे’ म्हणण्यासारखे काही नसते, म्हणून ती आज्ञा आहे. आणि त्या झाडाचाही लोभ जडू नये म्हणून वर अटनाचा विधी आहे. मी मात्र झाडाखाली बसून त्या झाडालाच घर करून टाकले होते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, नोकरीतील लोभ, मत्सर व घाई यांपेक्षा पाखरे पाहणे शतपटीने बरे. त्याला दोष का द्यावा? शंका योग्य आहे. दोष पाहण्याला नाहीच. ज्याचे मन पैशावाचून दुसरीकडे रमत नव्हते ते पळसाच्या फुलावर रमू लागले, तर त्याच्या चित्ताची कठीणता थोडी कमी झाली, असेच म्हणावे लागेल. भास्करभट्ट बोरीकरांचे उदाहरण येथे आठवते. ‘शिशुपाळवध’ लिहून झाल्यावर गुरुबंधूंनी ग्रंथ उत्तम वठल्याचे सांगितले, पण निवृत्तांच्या उपयोगाचा तो नाही असेही सांगितले, अशी परंपरा आहे. काव्य वाईट आहे असे कोणी म्हटले नाही. चांगली वस्तू आणि निवृत्ताला उपयोगी वस्तू यांतील अंतर तेवढे दाखविले. भास्करभट्टांनी त्यावर वाद न घालता पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली.

त्या ‘उद्धवगीते’ला आधारभूत असलेल्या भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. सृष्टीकडून शिकावे कसे, याचा एवढा स्पष्ट पाठ क्वचितच आढळेल. पृथ्वीकडून क्षमा, वायूकडून अलिप्तपणा, समुद्राकडून गांभीर्य, झाडाकडून परोपकार शिकावा, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्याच यादीत पिलांच्या मोहाने जाळ्यात शिरलेला कपोत आहे, रूपाला भुलून जळणारा पतंग आहे, गाण्याला भुलणारे हरिण आहे, आमिषाला भुलणारा मासा आहे, स्पर्शाला भुलणारा हत्ती आहे. म्हणजे सृष्टी जे शिकविते त्यातील मोठा भाग, इंद्रियांच्या गोडीने भुलू नका, हाच आहे. पावशाच्या सुराने मी दिवसचे दिवस बसून राहत होतो. गाण्याला भुललेल्या हरिणाचा पाठ माझ्यासमोरच होता, पण मी तो आपला म्हणून वाचला नव्हता.

यानंतर जे घडले त्याने मला खरा धक्का बसला. 2022 च्या ज्येष्ठात एका संध्याकाळी वादळ झाले आणि तो उंबर मुळासकट आडवा झाला. मला असह्य दुःख झाले. दोन दिवस अन्न गेले नाही. घरात मृत्यू घडल्यासारखा मी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी बाबांकडे गेलो. माझ्या मनात होते की, झाडासाठी इतके रडणारे मन पाहून ते मला दयाळू म्हणतील. त्यांनी सहज विचारले, “तुम्ही रस्त्याच्या कामात होता ना? तेव्हा झाडे तुटत असतील.”

“तुटत,” मी म्हणालो.

“मग तेव्हा किती दिवस जेवला नाहीत?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 1998 साली एका रस्त्याच्या रुंदीकरणात मी स्वतः झाडांची यादी केली होती. एकोणीस किलोमीटरच्या अंतरात 217 झाडे होती. त्यांत कडुलिंब, चिंच, वड, आंबा, सगळे होते. छातीएवढ्या उंचीवर फीत गुंडाळून प्रत्येकाचा घेर नोंदविला, सालीवर रंगाने क्रमांक घातला, आणि यादीच्या माथ्यावर ‘कामास अडथळा ठरणारी झाडे’ असे लिहून खाली सही केली. तोड सुरू झाली त्या दिवशी मी तेथे उभा होतो. फांद्यांतून घरटी खाली पडली असतील. मला आठवत नाही, कारण मी पाहिलीच नाहीत. दुपारी त्यांतल्याच एका न तुटलेल्या चिंचेच्या सावलीत बसून डबा खाल्ला, हे मात्र आठवते.

रस्ता अनावश्यक होता असे मी म्हणत नाही. त्या रस्त्याने अडलेल्या बाळंतिणी वेळेत दवाखान्यात पोहोचल्या, मुले शाळेत गेली. झाडे लावण्याचा नियमही कागदोपत्री पाळला गेला. त्या रोपांपैकी बरीचशी दुसऱ्या उन्हाळ्यातच वाळली. गरज होती हे खरे, पण गरज असल्याने हिंसा अहिंसा होत नाही. कर्मराहाटीपुढे सरकारी मंजुरीचा कागद दाखविता येत नाही. परंतु माझ्या लेखाचा मुद्दा त्या हिंसेपुरता नाही. मुद्दा असा की, 217 झाडांसाठी माझा एक घास अडला नाही आणि एका उंबरासाठी दोन दिवस अन्न सुटले. मग ती झाडाविषयीची करुणा होती काय? नव्हती. ते ममत्व होते. उंबर ‘माझा’ होता. माझ्या बांधावरचा, माझ्या शांततेचा, माझ्या म्हातारपणाचा. नोकरीत झाड मला अडथळा म्हणून दिसले आणि निवृत्तीनंतर ते सुख म्हणून दिसले. पाहणारा ‘मी’ तोच होता. बदलली होती ती केवळ त्याची गरज.

झाड हे अडथळाही नाही आणि सुखही नाही, तर ते आहे तरी काय? आपले शास्त्र याचे उत्तर स्पष्ट देते. वृक्षयोनी ही जीवाने आपल्या कर्माने भोगावयाच्या योनींपैकी एक आहे. त्या खोडात माझ्यासारखाच एक अनादिबद्ध जीव आहे. त्याचे देह-दुःख त्याला बोलता येत नाही आणि तेथून पळून जाता येत नाही. मी त्याच योनीतून कितीदा गेलो असेन आणि पुढेही जाईन किंवा नाही, हे माझ्या आचरणावर आहे. त्याच्यात व माझ्यात भेद आहे तो इतकाच की, या क्षणी मला ज्ञानाची वाट उघडी आहे आणि त्याला नाही. झाडाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे मनात जे उत्पन्न होते ते सौंदर्याचे सुख नसते. त्यात थोडी भीती असते, बरीच लाज असते आणि सोयरिकीची जाणीव असते. हिरवी फांदी विनाकारण मोडू नये, ही आपल्या बाबालोकांची रीत या जाणिवेतून आली आहे. ती बागेची हौस नव्हे.

‘लीळाचरित्रा’तील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीतळी येऊन लपला. शरण आलेला जीव मारण्यासाठी देता येत नाही, हे स्वामींनी पारध्यांना समजाविले आणि त्यांनी ती हिंसा सोडली. मग स्वामींनी काय केले? ससा गोजिरवाणा आहे म्हणून तो जवळ ठेवून घेतला नाही. साधुपुरुषास ज्या शब्दाने संबोधावे त्याच शब्दाने त्याला संबोधून, आता जावे, असे म्हटले. मला ही लीळा पूर्वीपासून पाठ होती. पण त्या जाण्याच्या आज्ञेचे महत्त्व मला उंबर पडल्यावर कळले. रक्षण करताना पूर्ण कृपा आणि रक्षण झाल्यावर पूर्ण मोकळीक, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत. आपण रक्षण करतो ते बहुधा जवळ ठेवण्यासाठी.

मी बाबांना विचारले की, त्या 217 झाडांचे काय करू? रोपे लावू काय? ते म्हणाले, “लावा. पण हिशेब फिटला असे समजून लावू नका. आधी त्या रस्त्याने एकदा पायी चालत जा. जिथे जिथे झाड आठवेल तिथे उभे राहून स्मरण करा. अनुताप बसल्या जागी होत नसतो.”

2023 च्या चैत्रात मी तो एकोणीस किलोमीटरचा रस्ता दोन दिवसांत चाललो. गाडीतून कैक वेळा गेलेल्या त्या रस्त्यावर सावली नाही, हे मला पायांनी कळले. झाडांच्या जागा सगळ्या आठवल्या नाहीत. चाळीस-पन्नास आठवल्या असतील. तेथे तेथे थांबलो, पंचकृष्णांचे स्मरण केले, क्षमा मागितली. एका फाट्यावर एक म्हातारी टोपली घेऊन उन्हात उभी होती. मी थांबलेला पाहून म्हणाली, “बापू, इथं चिंच होती मोठी. एस्टीची वाट पाहत आम्ही तिच्याखाली बसत होतो. कोणी तोडली देव जाणे.” कोणी तोडली ते मला माहीत होते. मी तिला सांगितले. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बरं, पाणी पिता का?” तिने दिलेले पाणी मी प्यालो. त्या पाण्याचा भार मला अजून वाटतो.

कर्म नष्ट झाले असे मी म्हणणार नाही. ते ठरविण्याचा अधिकार माझा नाही. एवढे मात्र घडले की, परत आल्यावर सृष्टीकडे पाहण्याची रीत बदलली. पळस आजही फुलतो आणि मी आजही पाहतो. डोळे मिटून घ्यावेत असे शास्त्राने सांगितलेले नाही. परंतु आता पाहताना मी मनाला तीन प्रश्न विचारतो. हे पाहिल्याने स्मरण वाढले की राहून गेले? हे उद्या नाहीसे झाले तर माझे काय जाईल? आणि जे माझे नाही, रस्त्याकडेचे आहे, परक्याच्या शेतातले आहे, कुरूप व काटेरी आहे, त्या बाभळीविषयीही मला हेच वाटते काय? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. सुंदर झाडावर प्रेम डोळेच करवितात. बाभळीवरील दयेला विचार लागतो.

आता मागे ठेवलेल्या शंकेकडे येऊ. अनित्य प्रपंचातील डोंगर व दगड आपल्या पूर्वाचार्यांनी इतके जपून का लिहिले? याचे उत्तर ‘संबंध’ या एका शब्दात आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चार साधनांत स्थान पहिले येते. श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या सन्निधानाने माहूरचा डोंगर वंद्य झाला, श्रीगोविंदप्रभूंच्या क्रीडेने ऋद्धिपूर वंद्य झाले. डोंगर आपल्या उंचीने किंवा हिरवाईने वंद्य झाला नाही. म्हणून तेथे पाहणाऱ्याचे मन डोंगरावर न थांबता प्रभूंकडे जाते. रवळोबासांनी डोंगर वर्णिला तो या अर्थाने.

आणि सालबर्डीचे काय सांगावे! भडोच येथील प्रधानपुत्र हरिपाळदेव, ज्यांच्यासमोर राजवैभव, सत्ता, घरसंसार सर्व काही होते, ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले, ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंकडून ज्ञानशक्ती स्वीकारती झाले आणि पुढे श्रीचक्रधर या नामे बारा वर्षे सालबर्डीच्या पहाडात राहिले. उद्योगाचे जीवन सोडून डोंगराकडे जाण्याचे याहून मोठे उदाहरण नाही. परंतु स्वामींचे ते जाणे विश्रांतीसाठी नव्हते, आणि बारा वर्षांनंतर ते त्या पहाडातच राहिले नाहीत. तेथून उतरून ते गावोगाव हिंडले, ते जीवांच्या उद्धरणासाठी. आम्ही नोकरी सोडून डोंगराकडे जातो ते थकलो म्हणून. आणि एकदा तेथे सावली मिळाली की उठत नाही.

माझ्या शेताच्या बांधावर जेथे उंबर होता तेथे मुळांतून एक फुटवा आला आहे. तो आता कमरेएवढा झाला. त्याला पाणी घालतो. पण त्याच्याजवळ बसण्याची जागा मी ठरवून ठेवलेली नाही. सकाळी गाठी हातात घेऊन जेथे पाय नेतील तेथे बसतो. कधी बाभळ असते, कधी नुसता बांध असतो. पाखरे आली तर येतात. बाबा अजूनही भेटले की पाखरांची चौकशी करतात, आणि त्यानंतर नामाची. दोन्हींची उत्तरे देता येतात असे दिवस थोडे असतात. पण पूर्वी ते मुळीच नव्हते.

नोकरीतून किंवा धंद्यातून मोकळ्या झालेल्या, नव्याने झाडेपाने पाहू लागलेल्या बंधुभगिनींना एवढीच विनंती की, तो आनंद टाकू नये आणि त्यावर थांबूही नये. ज्या झाडाखाली आपण बसलो ते आपल्यासारख्याच एका बद्ध जीवाचे बंदिस्थान आहे, आणि आपल्याला मिळालेला मनुष्यदेह ही त्यातून सुटण्याची संधी आहे, हे स्मरून तेथे नाम घ्यावे. लेखात काही अधिक-उणे झाले असेल तर जाणत्या महात्म्यांनी ते सुधारून घ्यावे.

दंडवत प्रणाम.